तुझ्या ‘निर्णा’ची सम

प्रिय मल्हारी,

तू गेल्यानंतर तुला पत्र लिहिणारा मी पहिला नाही. तुझ्या अल्बमवर जीव टाकणारी मुलं फोनवर तुला उद्देशून काय काय लिहीत असतात. मी ते रोज वाचतो आणि रोज चिडतो. ‘दादा, तुम्ही आमचं आयुष्य बदललंत!’ अरे, यांच्यापैकी एकाने तरी तुला चहात बटर बुडवून, ते मोडून कपात पडल्यावर बोटांनी काढताना पाहिलं आहे का? मी पाहिलं आहे. तरीही आजवर मी एक ओळ लिहिली नव्हती. आज लिहितो आहे, कारण काल दुपारी तुझी थोरली बहीण गोदाअक्का भालकीला माझ्या संगीताच्या क्लासमध्ये आली आणि माझ्या बारा वर्षांच्या अभ्यासाचा पाया तिने शेंगा मोजत मोजत काढून घेतला. रविवारी तुला जाऊन वर्ष होतं. त्या दिवशी तुझा अख्खा अल्बम इथे वाजायचा आहे आणि आरंभीचं व्याख्यान माझं आहे. तिथे काय बोलायचं, ते आज ठरवलं पाहिजे.

सगळं क्रमाने सांगतो. तू हसणार, हे ठाऊक आहे. ‘इशनाथ, तू च्या पितानाबी च्या समजावून सांगतूस,’ असं तू म्हणायचास. असेल. समजावून सांगण्याखेरीज मला दुसरं येतं तरी काय?

पहिली गोष्ट बिदरच्या त्या ऑर्केस्ट्राची. आठवतं का? मालकाने ती बेस गिटार आधी माझ्या हातात दिली होती! मी संगीताच्या परीक्षा दिलेला, स्वरज्ञान असलेला, व्यापाऱ्याचा मुलगा. मी तिच्या चार जाड तारांकडे पाहिलं आणि म्हणालो, ‘हे मागे उभं राहून वाजवायचं वाद्य आहे. मला कीबोर्ड द्या.’ तू कोपऱ्यात गुंडाळलेल्या वायरी सोडवत होतास. मालक तुला तुझ्या गावाच्या नावानेच हाक मारायचा. म्हणाला, ‘ए निर्ण्या, तू धर मग.’ तू धरलीस. माझ्या हातून सुटलेली वस्तू तुझ्या हातात गेली आणि पुढची सगळी वर्षं मी ती परत मागण्याचं धाडस केलं नाही.

तू हैदराबादला गेलास. तिथल्या त्या बँडमध्ये शिरलास, ज्याची गाणी पंधरा-पंधरा मिनिटं चालत आणि मध्येच ताल बदलत. प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणजे नेमकं काय, हे मी तुला टपालाने विचारलं होतं. तू उत्तर पाठवलंस: ‘सरळ रस्ता असताना मुद्दाम शेतातून जायाचं, पन वेळेवर पोचायचं.’ मल्हारी, हीच व्याख्या मी तीन ग्रंथ वाचून पाच पानांत केली होती! तुझी एका ओळीत मावली. त्या पोस्टकार्डाचा मला इतका राग आला की मी ते हरवलं. मुद्दाम हरवलं.

मग बँड फुटला आणि तू एकट्याने ‘खालचा सूर’ हा अल्बम केलास. पाचच रचना. आपल्याकडे बेस गिटार ऐकू येत नाही, ती जाणवते. ती बंद पडली की गाण्याखालची जमीन गेल्यासारखं होतं, तेव्हा कुठे लोकांना कळतं की ती होती. तू ही उतरंडच उलटी केलीस. गिटार, कीबोर्ड, ड्रम सगळे मागे, आणि खर्जातली तुझी चार तारांची बाई अंगणाच्या मधोमध बसून गोष्ट सांगते आहे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी सीडी प्लेअरचे बास-ट्रेबलचे खटके तपासले. मला वाटलं, यंत्रात बिघाड आहे! बिघाड नव्हता. ते सुंदर होतं. हे मान्य करायला मला जेवण होईपर्यंतचा वेळ लागला आणि त्या दिवशीचं जेवण मला गेलं नाही.

वेष्टणाच्या आत तू आभार मानले होतेस. अक्षरं इतकी बारीक की मी वडिलांचं भिंग घेऊन बसलो. तुझे अप्पा, गोदाअक्का, स्टुडिओखालचा चहावाला, ड्रमवाल्याची सासू! माझं नाव नव्हतं. तू गावी आल्यावर मी विचारलं, तेव्हा तू किती सहज म्हणालास, ‘आरं, तू घरातलाच की. घरच्याचं कुनी आभार मानतंय व्हय?’ मग अक्का घरची नव्हती का रे? हा प्रश्न मी तेव्हा गिळला. आज विचारतो.

आता या अल्बमने काय काय केलं, ते ऐक. तू होतास तेव्हा हे सगळं मी तुला सांगितलं नाही, कारण सांगताना माझा चेहरा कसा होईल याची मला खात्री नव्हती. हुमनाबादच्या ब्रास बँडमधला तो पोटावर धरायचा मोठा भोंगा आहे ना, तो वाजवणारा नवरीच्या पाठवणीला तुझी चौथी रचना वाजवतो. बायका रडतात! कोहिनूर गावच्या भजनी मंडळाचा पखवाजिया अभंग संपवताना तुझी तिहाई, तोच तुकडा तीनदा, टाकतो आणि ती परंपरेने आली आहे, असं छातीठोक सांगतो. कलबुर्गीच्या इंजिनिअरिंगच्या मुलांनी तर तुझ्या तिसऱ्या रचनेवर कन्नड शब्द चढवले आहेत, आणि ते शब्द चांगले आहेत. बेस गिटार शिकायला येणारं प्रत्येक मूल माझ्याकडे येऊन पहिल्याच दिवशी म्हणतं, ‘सर, निर्णा शिकवा.’ माझ्या स्वतःच्या बेचाळीस रचना कापडी बांधणीच्या वहीत आहेत. त्यांतली एकही कुणी मागितलेली नाही. एकदा मी एक रचना ‘ही एका जुन्या उस्तादांची आहे’ असं सांगून शिकवली. मुलांनी जांभया दिल्या. उस्तादांचंही काही चाललं नाही!

पण एक गोष्ट माझी होती. ‘खालचा सूर’ची पहिली संपूर्ण स्वरलिपी मी लिहिली. तू कधीच काही लिहून ठेवत नसायचास. तुला स्वरलिपी लिहिता येत नव्हती, हे मी मोठ्या समाधानाने सगळ्यांना सांगत असे. प्रत्येक ठोका मी कानाने उतरवला. तिची झेरॉक्स उदगीर, लातूर, बसवकल्याण, बिदर कुठे कुठे गेली. त्या पानांवर खाली उजवीकडे माझं नाव आहे. लोक म्हणू लागले, ‘मल्हारीनं वाजवलं, पण कळायचं तर विश्वनाथ सरांकडे जावं.’ या वाक्यावर मी बारा वर्षं जगलो रे.

तुझ्या गावाच्याच नावाची ‘निर्णा’ ही रचना म्हणजे त्या स्वरलिपीचा मुकुटमणी. अकरा मात्रांचं आवर्तन. पहिल्या मात्रेवर सर्वांत जाड, मोकळी तार; मग दहा ठोक्यांची चाल. मी लिहिलं: पहिला ठोका ही सम. सम म्हणजे आवर्तनाचं दार, जिथे सगळे वाजवणारे एकत्र येऊन उंबरा ओलांडतात. हे मान्य केलं की एक अडचण उभी राहते. ड्रमवरची झांज पहिल्यावर पडत नाही, दुसऱ्यावर पडते. दर वेळी! आणि शेवटी ती जाड तार एकटीच वाजून रचना थांबते, दार उघडं टाकून निघून गेल्यासारखी. या दोन्ही गोष्टींवर मी सात पानं खर्च केली. ‘समेचा हेतुपुरस्सर नकार’ असं त्या भागाचं शीर्षक आहे. नकार! किती प्रेमाने लिहिला होता मी तो शब्द.

आता सुवर्णा. ती तुला ठाऊक नाही. फार्मसी शिकते, इथेच राहते, दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे आली. पहिल्याच दिवशी तिने ‘निर्णा’ फोनवरून ऐकून बसवलेली वाजवून दाखवली. जाड तार तिने अलगद सोडली आणि जोर दुसऱ्या ठोक्यावर दिला. वाजलं ते छान होतं. फार छान होतं. मला ती रचना कधी अशी वाजवता आलेली नाही. मी तिला थांबवलं आणि म्हणालो, ‘हात चांगला आहे, पण सम चुकते आहे.’ स्वरलिपी समोर ठेवली. तेव्हापासून ती पहिल्यावर जोर देते आणि दुसऱ्याला तिचा हात दर वेळी किंचित उशिरा पोहोचतो. मी म्हणत राहिलो, ‘लयीचं अंग कमी आहे तुझ्यात. घोटत राहा.’ बिचारी घोटत राहिली.

काल अक्का रविवारी निर्ण्याहून किती माणसं येतील, जीप एक की दोन, हे सांगायला आली. शेंगांचं गाठोडं घेऊन चटईवर टेकली. सुवर्णा रविवारी वाजवायच्या ‘निर्णा’चा सराव करत होती. फोनवर तुझा ड्रमवाला मागे चालू होता. अक्काचं बोट गुडघ्यावर पडत होतं आणि मध्येच थांबत होतं.

‘मास्तर, हे कुनाचं गानं म्हनायचं?’

‘अक्का, कुणाचं म्हणजे काय? तुमच्या मल्हारीचं. निर्णा.’

‘न्हाई. सूर त्येचाच हाय. पर मोजनी आमच्या घरची न्हाई. ही पोरगी कामून अडखळायलीय?’

मी हसलो. मी चक्क हसलो, मल्हारी! आणि तिला समजावून सांगायला लागलो: अकरा मात्रा म्हणजे काय, सम कशाला म्हणतात. तिने पुरतं ऐकून घेतलं. मग म्हणाली, ‘अकरा कुटनं आनले तुमी? धाच हाईत. धा आनि लाभ.’

माझ्या वडिलांचं खटकचिंचोळीला धान्याचं दुकान होतं, हे तू जाणतोस. धान्य मोजताना पहिल्या मापाला ‘एक’ म्हणायचं नाही, ‘लाभ’ म्हणायचं, हे मी रांगत होतो तेव्हापासून ऐकतो. लाभ, दोन, तीन, चार. दहा मापं म्हणजे दहाच मापं. पहिल्याचं नाव तेवढं शुभ. मी अक्काला तेच सांगितलं.

तिने माझा पाणी प्यायचा पेला उचलला, आतलं पाणी खिडकीतून फेकलं आणि गाठोडं सोडलं. पहिला पेला भरून तिने चटईच्या कोपऱ्यावर, वेगळा ओतला. ‘लाभ.’ मग दुसरा पेला समोर. ‘एक.’ मग ‘दोन’. मग ‘तीन’.

‘तुमच्या दुकानात लाभ धरूनच धा,’ ती म्हणाली. ‘आमच्या खळ्यावर लाभ देवाचा. त्यो बाजूला काढायचा, मोजायचा न्हाई. एक त्येच्या बाद. आमचा अप्पा मोजायचा आनि ह्यो मल्हारी त्येच्या संगं मोट्यानं म्हनायचा. तुमी देवाचं मापच मोजून घेतलं की, मास्तर!’

सुवर्णा म्हणाली, ‘म्हणजे सर, पहिला ठोका मोजायच्या बाहेर?’ आणि माझ्या उत्तराची वाट न बघता तिने वाजवलं. जाड तार आधी, एकटी, वेगळी काढून ठेवल्यासारखी. मग ‘एक’. आणि त्या एकावर फोनमधली झांज आणि तिचं बोट असे काही एकत्र पडले, की माझी सात पानं माझ्या डोळ्यांसमोर रद्दी झाली. नकार वगैरे काहीही नव्हता. तुझी सम स्वच्छ, जागच्या जागी, बारा वर्षं वाजत होती. शेवटची ती एकटी तारसुद्धा उघडं टाकलेलं दार नव्हती. नव्या राशीतलं देवाचं माप तू काढून ठेवत होतास आणि थांबत होतास.

‘हां! आता आला बगा,’ अक्का म्हणाली आणि पदराने डोळे पुसले. ती रडत होती तरी तिचा गुडघ्यावरचा ठोका चुकला नाही. तुम्हा भावंडांचा मला हाही हेवा आहे.

आता माझ्या लाजेची गोष्ट लिहितो. सुवर्णाने माझ्याकडे पाहिलं. ‘सर, मी पहिल्या दिवशी असंच वाजवलं होतं ना?’

एक शब्द पुरला असता. ‘हो.’ पण मी म्हणालो, ‘बघू. घाई नको. स्वरलिपी पुन्हा तपासावी लागेल.’

तिने गिटार खोळीत घातली, चेन लावली. आवाज अगदी शांत होता. ‘रविवारी दुसऱ्या कुणाला तरी घ्या, सर. मला आता कुठलं बरोबर आन् कुठलं चूक, हेच कळंना झालंय.’ आणि ती गेली. अक्काने मोजलेल्या शेंगा तिथेच ठेवल्या, रिकामं फडकं झटकलं आणि दारातून म्हणाली, ‘पोरीला खरं काय ते सांगा. तुमी शिकलेली मानसं, तुमाला म्या काय सांगायचं?’

मल्हारी, आता तुझ्यावरचा आरोप. गेल्या हिवाळ्यात तू निर्ण्याला बाजेवर पडून होतास तेव्हा मी माझं चाळीस पानी विवेचन घेऊन आलो होतो. आजारी माणसासमोर चाळीस पानं वाचली मी! झांजेचा भाग आला तेव्हा तू हात वर केलास. ‘ते परत वाच.’ मी फुगलो. दुप्पट उत्साहाने वाचलं. तू डोळे मिटून म्हणालास, ‘लई बारीक काम केलास, इशनाथ. असंबी आईकता येतंय की!’ मी ते वाक्य प्रस्तावनेत घातलं आहे. तुझं नाव घालून.

तुला माहीत होतं! सगळं माहीत होतं. मग सांगितलं का नाहीस? ‘गाढवा, लाभ मोजायलास’ एवढंच म्हणायचं होतंस. मी रागावलो असतो, दोन महिने बोललो नसतो, आणि मग... पण तुझ्याकडे दोन महिने नव्हतेच. म्हणून गप्प बसलास का? की माझ्या हातातल्या त्या चाळीस पानांखेरीज माझ्याजवळ दुसरं काही नाही, हे तुला दिसलं होतं? हा विचार मला काल दुपारपासून चावतो आहे. वाजवण्यात तू माझ्यापुढे होतास, हे मी कसंबसं सोसलं होतं. मनाच्या मोठेपणातही पुढे असावंस? काहीतरी माझ्यासाठी ठेवायचं होतंस रे!

आणि तुझ्या त्या मोठेपणाचं मी काय केलं? तू मला दुखावलं नाहीस. मी मात्र त्याच चुकीने एका मुलीचा हात दीड-दोन वर्षं आखडून ठेवला. तिची चूक नव्हती. तिने तुला माझ्याआधी, माझ्याशिवाय, बरोबर ऐकलं. मला ते सहन झालं नाही. मी स्वरलिपी हा केवळ आडोसा घेतला होता. ती चुकीची आहे हे मला ठाऊक नव्हतं, हे खरं. पण तिचं वाजवणं सुंदर आहे हे त्याच क्षणी ठाऊक होतं, हेही तितकंच खरं. शिक्षकाने दुसऱ्या खऱ्यापासून सुरुवात करायला हवी होती.

आज सकाळी क्लास उघडून मी एकटा बसलो. मुलं यायला अवकाश होता. बेस गिटार घेतली, किती वर्षांनी शिकवण्यासाठी नव्हे तर स्वतःसाठी घेतली, आणि मोठ्याने म्हणालो, ‘लाभ.’ मग एक. मग दोन. माझं बोट तिसऱ्या आवर्तनालाच घसरलं. वडिलांचं दुकान कानात इतकं बसलं आहे की लाभ म्हटलं की पुढे जिभेवर ‘दोन’च येतं! मला हे शिकायला वेळ लागेल. कदाचित येणारही नाही. पण घसरण्याआधीची दोन आवर्तनं नीट पडली, मल्हारी. मी त्या दोन आवर्तनांत प्रथमच तुझ्या गावात उभा होतो.

तेव्हा ऐक. माझ्या मत्सराबद्दल वचन मागू नकोस. ते मला पाळता येणार नाही. ‘खालचा सूर’ माझा असावा, असं मला आजही वाटतं आणि उद्याही वाटेल. बाकीची वचनं देतो. ज्यांना ज्यांना झेरॉक्स दिली त्यांची नावं माझ्याकडे आहेत. प्रत्येकाला दुरुस्तीचं पान जाईल आणि त्यावर चूक कुणाची होती आणि कुणी दाखवली, हे अक्काच्या नावासह असेल. प्रस्तावनेतलं तुझं वाक्य मी काढून टाकीन. रविवारी व्याख्यान होणार नाही. सगळ्यांसमोर मी एवढंच सांगेन की ही रचना मी बारा वर्षं चुकीची शिकवली आणि आता जी वाजवणार आहे ती पहिल्या दिवसापासून बरोबर होती.

पण हे भर सभेत तिने प्रथम ऐकावं, असं व्हायला नको. सुवर्णा साडेनऊला कॉलेजसाठी निघते. उद्या नवाला मी तिच्या दारात असेन. वही नेणार नाही, पेन नेणार नाही. तिने काल मला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ आहे, ते तिला देईन आणि ती गिटार खोळीतून काढेपर्यंत तिथून हलणार नाही.

तुझाच,
विश्वनाथ